मूठ मिटेना

हिंगोली
१९ जानेवारी २०२५

प्रिय मिनाताई,

एक कोडे तुझ्याही पाहण्यात आले असेल. एकाच घरातल्या पाच माणसांना एकाच आठवड्यात एकच ताप येतो. पाचही जणांचे सांधे असे धरतात, की खाटेवरून उठताना दुसऱ्याचा खांदा लागतो. पुढे चौघे जण उठून शेताला लागतात. पाचव्या माणसाचा ताप तर सर्वांच्या आधी उतरलेला असतो. पण सकाळी त्याची मूठ काही मिटत नाही. पाणी एक, भाकरी एक, डास तेच, विषाणूही तोच. मग शरीरे दोन वेगळी उत्तरे का देतात?

अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न फळ्यावर लिहीत असे आणि त्या पाचव्या माणसाला 'क्ष' म्हणत असे. या वर्षी तो प्रश्न मी लिहिला नाही, कारण 'क्ष' आता आपली याडी आहे, आपली आई.

दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आपण आयुष्यभर गोरमाटी बोलीत भांडलो आणि लिहायला मात्र मराठीच शिकलो. त्यामुळे हे पत्र तुला पाठ्यपुस्तकासारखे वाटेल. 'आली गुरुजीण' म्हणून लालसिंग भावोजींना वाचून दाखव, हसा, पण शेवटपर्यंत वाच. माझी एकच इच्छा आहे. बापूंनी तुझ्या माथी जे मारले आहे ते तू उतरवून ठेवावेस आणि घरी यावेस.

"आईचे हात लेकीनं खाल्ले," असे बापू तुला फोनवर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्या वाक्यात खरे तर दोन विधाने आहेत. ताप तू आणलास, हे एक. आणि त्या तापाने याडीचे हात गेले, हे दुसरे. दोन्ही वेगवेगळी तपासून पाहू. आज पहिले.

चिकुनगुन्या माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही. मध्ये डास लागतो, आणि हा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत त्याला आठवडा ते दहा दिवस पुरतात. आता आपल्या तांड्याचा तीजेचा सण आठव. गहू पेरले, की नायकाच्या ओट्यासमोर पिंप भरायचे. मुली गाणी म्हणत त्यातून तांबे भरणार आणि दुरड्यांतल्या रोपांना पाणी घालणार. पिंपात भर घालायची, पण ते रिकामे करायचे नाही, घासायचे नाही, झाकायचे तर मुळीच नाही. तीजेची बोळवण होईपर्यंत ते पाणी सांडले तर अपशकुन. इतकी नेमकी रीत दुसऱ्या कुठल्या तांड्यात आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण डासाला विचारून ठरवली असती तरी याहून सोयीची झाली नसती.

गेल्या श्रावणात आरोग्यसेविका आली होती, तेव्हा तू आत गोधडी घेऊन पडली होतीस. तिने पिंपात डोकावून पाहिले आणि शेजारच्या रूपाबाई काकूंना म्हणाली, "मावशी, पाण्यात जीव वळवळून राहिले की ओ!"

"असू द्या," काकू म्हणाल्या, "तीजेला आलेले पाहुणे हायेत. बोळवण झाली की जातील."

पाहुणे गेले, पण पंख फुटून गेले. आणि जाता जाता घराघरात टेकून गेले.

तू पुण्याहून अंगात ताप घेऊन आलीस, हे खरे. पुण्यात तेव्हा चिकुनगुन्याची साथ होती, हेही खरे. पण तुझ्या तापाची तपासणी कोणी केली नाही, आणि कळमनुरीकडेही त्याच सुमारास ताप सुरू झाले होते. विषाणू तुझ्या अंगातून आला नसेलच, असे मी केवळ तुझ्या समाधानासाठी लिहिणार नाही, आलाही असेल. पण पिंपातले डास नसते तर तो तुझ्यापाशीच संपला असता. पिशवीत घालून ताप कोणी आणत नाही, ताई. माहेरच्या ओढीने आजारी बाई एसटीत बसली, एवढेच तू केलेस.

दुसऱ्या विधानासाठी मला डॉक्टर हवे आहेत. याडीला नांदेडला न्यायचे म्हणते आहे, पण बापू ऐकत नाहीत. "कारण ठावं हाय, मग डॉक्टरला काय इचारायचं?" असे त्यांचे म्हणणे.

तुझी,
निता


हिंगोली
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिनाताई,

तुझे उत्तर आले नाही. तरीही लिहिते, कारण आता सांगण्यासारखे पुष्कळ साठले आहे.

बापू नांदेडला यायला तयार झाले ते माझ्या युक्तिवादाने नव्हे. याडीची मनगटे इतकी सुजली, की चुडे रुतू लागले. तिने साबण लावून ते एकेक करून उतरवले आणि उघड्या हातांनी अंगणात तूर पाखडायला बसली. रूपाबाई काकूंनी कुंपणावरून पाहिले आणि तिथूनच ओरडल्या, "गं जिवनबाई, तुझा धनी धर्मसिंग जिता हाय न्हवं?"

बापू आत चहा पीत होते. त्यांना ठसका लागला. संध्याकाळी मला म्हणाले, "नांदेड, हैदराबाद, कुठं बी ने हिला. चुडे परत चढले पायजेत." विज्ञानाच्या वाटेवर माणूस कशाने येतो, याबद्दल माझा फारसा आग्रह नसतो.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करीत नाहीत. त्यांनी याडीला विचारले, "आजी, हा त्रास कधीपासून आहे?"

"तापापासून," बापू म्हणाले.

"मी त्यांना विचारते आहे."

याडीने वर पंख्याकडे पाहिले. मग अगदी सहज म्हणाली, "मागच्या होळीपासून."

"आँ?" बापू खुर्चीवरून अर्धे उठले. "होळी? तीजेच्या आधी? काहून सांगितलं न्हाई?"

"हळद शिजवायची होती. बाया मिळत न्हवत्या. सांगितलं असतं तर तुमी शिजवली असती का?"

ताई, हे वाक्य पुन्हा वाच. तुझा ताप, तुझी एसटी, तीजेचे पिंप, हे सगळे श्रावणातले. तिची बोटे त्याआधी, होळीच्या सुमारास, सकाळी आखडू लागली होती. ती कढईत उलथणे घालून हळदीची वाफ हातांवर घेत असे आणि मोकळे वाटले की कामाला लागत असे. बापूंना वाटे, बाई किती मन लावून काम करते.

रक्ताची तपासणी झाली. हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करते. या आजाराची खूण असणारी काही प्रतिपिंडे रक्तात आढळतात, आणि गंमत अशी, की पुष्कळ रुग्णांमध्ये ती दुखणे सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून असतात. याडीच्या रक्तात ती भरपूर आहेत.

मग विषाणूचा काही संबंध नाही का? आहे, आणि इथून पुढचा भाग मला इतका आवडतो की मी सावकाश सांगणार आहे.

परका माणूस तांड्यात आला, की चहाच्या आधी म्हातारे त्याला काय विचारतात? जात कोणती, गोत कोणते, तांडा कोणता. शरीरातही असेच चालते. प्रत्येक पेशी आपल्या आत चाललेल्या व्यवहाराचे लहान लहान तुकडे एका ताटलीत घालून दाराशी मांडते. पहारेकरी पेशी ते वाचत फिरतात. तुकडा घरचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा असेल तर हाकाटी करतात. या ताटलीला एचएलए म्हणतात. तिचा आकार आपल्याला आई-वडिलांकडून मिळतो. म्हणून माझी ताटली आणि शेजारणीची ताटली सारखी नसते. एखाद्या आकारात विषाणूचे तुकडे पक्के बसतात आणि पहारेकऱ्यांना लवकर दिसतात. पण त्याच आकारात कधी कधी सांध्याच्या स्वतःच्या प्रथिनाचा तुकडाही असा बसतो, की पहारेकरी त्याला परका समजतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांमध्ये ताटलीचे काही ठरावीक आकार अधिक प्रमाणात सापडतात. आणि चिकुनगुन्यानंतर ज्यांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहतात, त्यांच्यातही तेच आकार काही अभ्यासांत दिसले आहेत. सगळ्या अभ्यासांत नाही. म्हणून मी 'काही' म्हणते.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्यांच्या झोपेची. काही तांड्यांतली कुत्री सावध असतात; पान हलले तरी उठतात. तिथे चोर येत नाही, पण जावई मात्र चावून घेतो. दुसऱ्या तांड्यातली गाढ झोपतात; जावई सुखी आणि चोरही सुखी. आपल्या जनुकांत असे झोपेचे फरक असतात. टीवायके-टू नावाच्या एका जनुकाचा एक प्रकार हाकाटी थोडी मंद करतो. तो ज्यांच्याकडे असतो त्यांना स्वतःवर उलटणारे काही आजार कमी होतात. पण काही संसर्ग त्यांना अधिक जड जातात असे आढळले आहे. म्हणजे विषाणूशी झुंजण्याची शक्ती आणि स्वतःवर उलटण्याचा धोका या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. पुष्कळदा ती एकच वस्तू असते. आपण तिला कुठल्या बाजूने पाहतो, एवढाच फरक.

याडीचा ताप सर्वांच्या आधी उतरला, हे मला इथे आठवते. तिची कुत्री फार सावध असावीत. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये, हे मी मुलांना शिकवते. म्हणून इथेच थांबते. एवढे मात्र म्हणता येईल: विषाणूने आग लावली नाही. आत धुमसत होते. श्रावणातल्या तापाने त्यावर फुंकर घातली असेल, किंवा तीही घातली नसेल. डॉक्टरीणबाईंनाही याहून नेमके सांगता आले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, म्हणून त्या मला आवडल्या.

औषध सुरू झाले आहे. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नव्हे. हे मी बापूंकडून तीनदा वदवून घेतले. सांध्यांची झीज होण्याआधी औषध लागू पडले तर हात वाचतात. झीज झाल्यावर औषध दुखणे थांबवते, पण वाकडे बोट सरळ करत नाही. आजारात सर्वांत महाग गोष्ट म्हणजे उशीर, असे त्या म्हणाल्या.

तुझी,
निता


हिंगोली
२ मार्च २०२५

प्रिय मिनाताई,

तुझ्या ओळी मिळाल्या. 'निता, मला शिकवू नको. होळीपासून असेल तिला. तरी ताप मीच आणला. माझं जे व्हायचं ते होऊन राहिलं, बराबरच हाय.' एवढेच लिहिलेस.

त्यातले शेवटचे वाक्य मला कळले नाही, असे मी स्वतःला आठवडाभर सांगत होते.

परवा मी तांड्यावर होते, तेव्हा आपला जगन डोंगरकड्याची केळी ट्रकने पुण्याला उतरवून परत आला. तुझ्याकडे जेवून आला, हे त्याने अंगणात बसून सगळ्यांना सांगितले. आपल्या भावाला गोष्ट रंगवून सांगायची सवय आहेच.

"ताईकडं गेलो तर भावोजी परातीपुढं मांडी घालून बसलेले!" जगन म्हणाला. "कोपरापर्यंत पीठ! मी म्हणलं, भावोजी, कंपनीतून काढलं का तुमाला? तर म्हणतेत, न्हाई रे, रोजची ड्युटी हाय ही. सकाळची कणीक माझी, पोळ्या तिच्या."

रूपाबाई काकू पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "लालसिंगला आमच्या पोरीनं बरं वळण लावलं! आणि पोळ्या तरी ती का करून राहिली? त्या बी त्यालाच शिकव म्हणावं."

"ताई म्हणती, नऊ वाजेपर्यंत तिचे हात झोपलेलेच असतेत."

अंगण पुन्हा हसले. याडी हसली नाही. मीही नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि तिने सुपातली तूर उगाच पुन्हा पाखडायला घेतली.

म्हणून आज तुला काही साधे प्रश्न विचारते. तुझ्या घरी पाण्याची कळशी कोण उचलते? काचेच्या बरणीचे झाकण कोण उघडते? ब्लाउजला हूक आहेत की तू आता पुढून ओढायच्या चेनचे शिवून घेतेस? उत्तर मला लिहायलाच हवे असे नाही. मनातल्या मनात दिलेस तरी चालेल, पण खरे दे.

आणि अनुवंशाबद्दल, म्हणजे जे पिढीतून पिढीत येते त्याबद्दल, एक गोष्ट नीट समजून घे. याडीच्या प्रत्येक ताटलीचे दोन आकार आहेत. त्यातला एक तुझ्याकडे आला, एक माझ्याकडे. तोच आला की दुसरा, हे नाणे उडवण्यासारखे. तो आकार आला तरी आजार होतोच असे नाही. तो असणारी बहुसंख्य माणसे ठणठणीत असतात. आईला आजार असला की लेकीचा धोका इतरांपेक्षा वाढतो, इतकेच. वाढलेला धोका म्हणजे शिक्षा नव्हे. तो कोणी दिलेला नाही, कशाबद्दलही दिलेला नाही. तुझ्या ओळीतल्या 'बराबरच हाय' या दोन शब्दांना जीवशास्त्रात कुठेही जागा नाही, ताई. मी शोधून पाहिली.

तुझी,
निता


तांडा, डोंगरकड्याजवळ
१६ मार्च २०२५

प्रिय मिनाताई,

हे पत्र तांड्यावरून लिहिते आहे. परवा होळी झाली. लेंगीची गाणी म्हणून म्हणून बापूंचा घसा बसला आहे, आणि त्यांच्याशी बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नाही, हे ओळखून मी काल त्यांना खाटेवर बसवून ताटलीची सगळी गोष्ट सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकले. मग बसक्या आवाजात म्हणाले, "म्हंजे हे जिवनबाईच्या बापाकडून आलं."

"तिच्या आईकडूनही आले असेल, बापू. किंवा वाटेत नव्यानेच जुळून आले असेल."

"न्हाई, न्हाई. तिचा बाप थंडीत हात काखेत घालून बसायचा. मी पाह्यलं हाय."

आतून याडी म्हणाली, "आतापस्तोर लेकीला धरलं, आता माझ्या बापाला धरा. तो काही उत्तर द्यायला येत न्हाई."

बापू हसले. मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. कणकेची. जगनने रंगवलेली नव्हे. तिच्यातली हशाखाली राहिलेली. नऊ वाजेपर्यंत झोपलेल्या हातांची.

त्यांनी आपला पंजा उघडून, मिटून पाहिला. मग म्हणाले, "तिला किती तकलीफ हाय?"

"ठाऊक नाही. ती सांगत नाही."

"काहून?"

"तुम्ही जे म्हणालात, ते तिने खरे मानले आहे. आईचे हात खाल्ले, म्हणून आता आपलेही हात चालले, असा हिशेब तिने मनात मांडला आहे. म्हणून ती डॉक्टरकडे जात नाही."

मला वाटले, ते चिडतील. त्यांनी उशाची टोपी घातली, काढली, परत घातली. "तिला लिही," ते म्हणाले. "म्हणावं, बाप बोलला ते येड्यावाणी बोलला. आणि म्हणावं, हात दाखव. मला नको दाखवू. डॉक्टरला दाखव." मग थोड्या वेळाने, "मला बी दाखव म्हणावं."

मी शब्दशः लिहिले आहे. काना-मात्रेचाही फरक नाही.

याडीबद्दल: सकाळचा आखडलेपणा कमी होत आहे. चुडे अजून चढले नाहीत. बापूंनी त्याबद्दल विचारणे सोडले आहे. काल रूपाबाई काकूंनी पुन्हा कुंपणावरून आवाज दिला, तेव्हा तेच म्हणाले, "जिता हाय मी, वैनी, दिसून राहिलो न्हाई का?"

आता तुझे. तुला संधिवात आहे, असे मी म्हणत नाही. पत्रातून निदान करणारी गुरुजीण मी नव्हे. हे तापाचेच लांबलेले दुखणे असेल आणि आपोआप जाईल, अशीही शक्यता आहे. दोन्हींत फरक करायला रक्ताची तपासणी लागते आणि तज्ज्ञाचा हात लागतो. पण तिथे जायचे की नाही, हे ठरवायला एक साधी परीक्षा आहे. हिला काहीही लागत नाही. तुझे दोन हात पुरेत. लालसिंग भावोजींनाही करायला सांग. त्यांच्या आणि तुझ्या हातांतला फरक लगेच कळेल.

सकाळी उठल्यावर, गरम पाण्यात हात घालण्याच्या आधी, मूठ मिटून पाहा. अंगठा बाहेर, चारही बोटांची टोके तळव्याला टेकलेली. टेकली नाहीत तर घड्याळाकडे नको, घराकडे बघ. चहा उकळेपर्यंत टेकली तर ठीक. चहा होऊन, डबे भरून, भावोजी कंपनीच्या बसमध्ये चढेपर्यंतही टेकत नसतील, आणि असे रोज होत असेल, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे.

मग डावा हात सैल पुढे धर. बोटे जिथे तळव्याला मिळतात, त्या चार उंचवट्यांची रांग दिसते ना? करंगळीच्या बाजूने आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बाजूने, दोन्हीकडून उजव्या हाताने ती रांग आवळ. कोणी जोरात हात मिळवला तर दबतो तितकी, अधिक नाही. मग हात बदल. निरोगी हाताला नुसता दाब कळतो. सांध्यांच्या अस्तराला सूज असेल तर कळ येते, आणि ती कळ आपण चेहऱ्यावर लपवू शकत नाही. परीक्षेत काही आढळले नाही म्हणजे सगळे ठीकच, असेही समजू नकोस. नऊ वाजेपर्यंत झोपणारे हात एवढ्यावरूनही दाखवायला पुरेसे आहेत. पुण्यात दाखव, किंवा नांदेडला ये. मी सुट्टी काढते.

एकच अट आहे. ही परीक्षा एकटीने, न्हाणीघरात, तोंड मिटून करायची नाही. भावोजी परातीपुढे बसले असतील तेव्हा त्यांच्या समोर बसून कर. आणि दुखले तर दुखले म्हण. त्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हण.

तुझी,
निता